फिलोमिनाची अर्धी प्रार्थना

रत्नागिरीजवळच्या नाचणे गावातल्या साळव्यांच्या घरात भिंतीवर देवाचं चित्र लावायचं नाही, हा नियम घर बांधायच्याही आधीचा होता. शमुवेल साळवी मिरकरवाड्यातल्या एका बर्फाच्या कारखान्यात जन्मभर कॉम्प्रेसर सांभाळत आले, आणि रविवारी ते प्रोटेस्टंट मंडळीचे, म्हणजे चर्चच्या सभेचे, पंच असत. कारखान्यात अमोनिया गळायला लागला की त्यांना सगळ्यांच्या आधी वास येई. मंडळीतल्या कोणाच्या घरात ताईत, उदबत्ती किंवा मूर्ती शिरली तरी साळव्यांना वास येतो, असं लोक मागून म्हणत. साळव्यांच्या कानावर ते गेलं होतं आणि त्यांना ते आवडलंही होतं.

त्याला कारण होतं. त्यांचे आजोबा काशीराम मिशनच्या काळात ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांनी घरचा देव्हारा उचलून होडीत घातला आणि भाट्याच्या खाडीत सोडून दिला. भाऊबंदांनी पाणी तोडलं, मुलीची ठरलेली सोयरीक मोडली, पण म्हातारा हलला नाही. देव एकच, आणि त्याच्याकडे जायला ख्रिस्तावाचून दुसरा मध्यस्थ लागत नाही, या एका वाक्यासाठी त्याने सगळं गणगोत सोडलं. ही गोष्ट साळव्यांच्या घरात जेवताना, भांडताना, पाहुणे आले की, पाहुणे गेले की, सारखी सांगितली जाई. एवढं सोसून बाहेर टाकलेलं पुन्हा उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचं नाही, हे शमुवेलनी त्यातून घेतलं. गोष्टीत खोट काढायला जागा नव्हती. फरक इतकाच होता की काशीरामने स्वतःचा देव्हारा सोडला होता. शमुवेलनी तो बायकोला सोडायला लावला.

बायको फिलोमिना वेंगुर्ल्याकडची, कॅथलिक. तिच्या भावाची रत्नागिरीत बेकरी होती आणि ती गल्ल्यावर बसायची. कारखान्याची पाळी संपली की शमुवेल तिथे चहात बुडवायचे बटर घ्यायला जात. एकट्या माणसाला एवढे बटर कशाला लागतात, हा प्रश्न भावाला बराच उशिरा पडला. तोवर दोघांचं ठरलं होतं. तिच्या इगर्जीतले, म्हणजे कॅथलिक चर्चमधले, फादर तयार होईनात, यांच्याकडचे पंच तयार होईनात. शेवटी दोन्हीकडच्यांनी नाइलाजाने राग गिळला आणि लग्न झालं. लग्नाआधी शमुवेलनी तिला बेकरीच्या मागच्या बाजूला उभं राहून सांगितलं होतं, "तू तुझ्या इगर्जीत जा, मी कधी अडवणार नाही. पण माझ्या घरात मूर्ती नको, तसबीर नको, कोणापुढे मेणबत्ती नको."

"आणि तोंडान म्हटलंय तर?" फिलूने विचारलं होतं.

"तोंड तुझं आहे," शमुवेल म्हणाले. आपण फार मोठं मन दाखवलं असं त्यांना वाटलं.

मग फिलूने तोंडानेच सगळं निभावलं. रोज संध्याकाळी भात चुलीवर चढवला की ती स्वयंपाकघरातल्या पाटावर बसून तेर्स म्हणायची, म्हणजे माळेवरची प्रार्थना. हिची गंमत अशी की ही प्रार्थना घरात सहसा एकट्याने म्हणत नाहीत. एकाने 'नमो मरिया' म्हणून पहिला अर्धा भाग म्हणायचा आणि बाकीच्यांनी दुसरा अर्धा म्हणून उत्तर द्यायचं. पहिल्या अर्ध्यात मरियेला नमस्कार असतो. दुसऱ्यात तिला विनंती असते, की आम्हा पापी माणसांसाठी तू देवाकडे शब्द टाक, आत्ता आणि आमच्या मरणाच्या वेळी. वेंगुर्ल्याला फिलूची आई सुरुवात करी आणि घरभर पसरलेली पोरं जिथे असतील तिथून उत्तर देत, कोणी माडाखालून, कोणी न्हाणीतून. इथे उत्तर द्यायला कोण होतं? फिलू पहिला भाग मोठ्याने म्हणे, आणि मग आवाज खाली आणून दुसराही आपणच म्हणे. बाहेर ओटीवर पेपर वाचत बसलेल्या साळव्यांना आत दोन बायका बसल्यात असंच वाटायचं. पहिल्या वर्षातच त्यांना ती प्रार्थना पाठ झाली. ती त्यांनी पाठ केली नाही, कानावर पडून पडून आत गेली. कान काही कोणाच्या पंथाचे नसतात.

सानिका झाली, बोलायला लागली, आणि एका संध्याकाळी आतून दुसरा अर्धा बोबड्या आवाजात यायला लागला. फिलूला किती आनंद झाला असेल! माहेर सुटल्यापासून तिला पहिल्यांदा कोणीतरी उत्तर देत होतं. साळव्यांनी काही दिवस ऐकलं, काही दिवस पेपर जास्त जोरात फडफडवला. मग मुलगी शाळेत जाऊ लागली तेव्हा त्यांनी तिला ओटीवर बोलावून सांगितलं, "आपण मरियेची प्रार्थना करत नाही, बाळ. प्रार्थना फक्त देवाची."

"आई करते."

"आई करू दे. तू नाही करायची."

त्या संध्याकाळी आत पुन्हा एकाच बाईचे दोन आवाज सुरू झाले.

फिलू भांडली नाही असं कोणी समजू नये. ती कोकणातली होती. भिंतीवर कारखान्याने दिलेलं कॅलेंडर होतं, त्यावर कमळात उभी राहिलेली लक्ष्मी. फिलू त्याच्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ही चलता भिंतीर?"

"ते कॅलेंडर आहे," साळवी म्हणाले. "त्याला आपण हात जोडत नाही."

"मगे माझ्या मरियेचा पण कॅलेंडरच आणतंय."

"त्याला तू हात जोडशील."

"हात मी देवाकच जोडतंय. मरियेक नुसता सांगतंय, गे बाय, तुझ्या झिलाक, ख्रिस्ताक, माझी आठवण करून दी. आवशीचा शब्द झील मोडता काय कधी?"

"देवाची आराधना वेगळी, माणसाचा मान वेगळा, हे मलाही कळतं फिलू. पण मान देता देता माणूस कधी आराधनेला बसतो, ते त्याचं त्याला कळत नाही. म्हणून मुळात पाऊलच टाकायचं नाही."

"तुमच्या मंडळीत कोण आजारी पडलो की तुमी पाळकांका सांगतास मा, आमच्यासाठी प्रार्थना करा म्हणान? त्येंका काय देव समजतास?"

"पाळक जिवंत आहेत."

"आणि ती मेली म्हणान तुमका कोणी सांगल्यान?"

याला साळव्यांकडे उत्तर होतं, पवित्र शास्त्रातल्या ओळीही होत्या, आणि त्या त्यांनी म्हणून दाखवल्या. फिलूने शांतपणे ऐकल्या आणि माशांना मीठ लावायला गेली. तिचं म्हणणं पटलं नाही याबद्दल साळव्यांना आजही दोष देता येणार नाही. ज्याचं त्याचं मन. आजोबांनी खाडीत सोडलं ते उगाच सोडलं असं नातवाने का म्हणावं? दोष द्यायचा तो पुढच्या गोष्टीबद्दल द्यावा लागतो.

अशीच वर्षं गेली. साळवी निवृत्त झाले, सानिका लग्न होऊन पुण्याला गेली. ती ना बापाच्या चर्चमध्ये जाई, ना आईच्या इगर्जीत. दोघांनाही ते बोचे, पण त्याबद्दल दोघं एकमेकांशी बोलत नसत. मग फिलूला पोटाचं दुखणं लागलं. डॉक्टरांनी कोल्हापूरला पाठवलं, कोल्हापूरच्यांनी मुंबईला पाठवलं, आणि मुंबईच्यांनी घरी न्या म्हणून सांगितलं.

साळव्यांनी तिची सेवा केली, त्यात कसूर केली नाही. तिला उचलून बसवत, तिची वेणी घालत, पेज भरवत. वेणी घालताना हात इतके सावकाश चालत की फिलू म्हणे, "कॉम्प्रेसरचा पट्टो बसवतास काय?" संध्याकाळ झाली की ते स्वतःच तिच्या हातात माळ देत आणि ओटीवर जाऊन बसत. आतून तिचे दोन आवाज येत, दिवसेंदिवस बारीक होत जाणारे. आत जाऊन आपण तिच्याजवळ बसावं असं त्यांच्या मनात अनेकदा आलं. पण बसलं की पुढे उत्तर द्यावं लागेल, असं त्यांना वाटे. आणि एकदा उत्तर दिलं की मग काशीराम आजोबा, मंडळी, आणि इतकी वर्षं ओटीवर बसून राहिलेले आपण, या सगळ्यांचं काय करायचं?

शेवटच्या आदल्या दिवशी सकाळी फादर येऊन फिलूच्या कपाळाला अखेरच्या संस्काराचं तेल लावून गेले. साळव्यांनी आडकाठी केली नाही. उलट फादरना स्वतः चहा करून दिला, आणि आपण किती समजूतदार आहोत असं त्यांना वाटलं. दुपारी मंडळीचे धर्मगुरू उन्मेष पाळक आले. हे तरुण होते, नुकतेच रत्नागिरीला बदलून आलेले. त्यांच्याबरोबर थोरले पंच सखाराम जाधव होते. सखारामांनी एकदा एका विधुराला बायकोच्या थडग्यावर मेणबत्ती लावली म्हणून भर बैठकीत उभं केलं होतं. तेव्हा त्यांच्या बाजूला मान डोलावत कोण बसलं होतं, ते सांगायला नको.

दोघं पलंगाजवळच्या खुर्च्यांवर बसले. सानिका पुण्याहून आली होती, ती उशाशी होती. पाळकांनी मेंढपाळाचं स्तोत्र वाचलं. ते फिलूलाही आवडायचं. तिचे ओठ हलले. वाचन संपलं. आणि मग फिलूने डोळे मिटूनच सुरू केलं, "नमो मरिया..."

आवाज पार खाली गेला होता, पण शब्द न् शब्द स्पष्ट होता. तिने पहिला अर्धा पुरा केला आणि थांबली.

ती दमून थांबली नव्हती. थांबायची जागा तीच होती. लग्नाआधी वेंगुर्ल्याला ती तिथेच थांबत असे, आणि चारी बाजूंनी उत्तर येत असे. या घरात आल्यापासून ती कधी थांबली नव्हती; आवाज उतरवून आपणच पुढे जायची. आज तिच्याकडे उतरवायला दुसरा आवाज उरला नव्हता. तिने डोळे उघडले आणि साळव्यांकडे पाहिलं. सानिकाकडे नाही, पाळकांकडे नाही, साळव्यांकडे.

सानिकाला कळलं. "बाबा, ती थांबलीय. पुढचं म्हणा ना तुम्ही. मी कधीच विसरून गेले हो."

साळव्यांच्या जिभेवर ते सगळंच्या सगळं तयार होतं. तोंड उघडायचा काय तो अवकाश. पण त्यांची नजर फिलूवरून खुर्च्यांकडे गेली. पाळकांनी मान खाली घातली होती. सखारामांनी घातली नव्हती. ते काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून साळव्यांकडेच बघत होते.

"मला येत नाही," साळवी म्हणाले.

फिलूने ऐकलं. तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही, नवलही आलं नाही. ती फक्त त्यांच्याकडे बघत राहिली, आणि ते बघणं साळव्यांना सहन होईना, म्हणून त्यांनी घाईघाईने 'स्वर्गातील आमच्या पित्या' सुरू केलं. ती प्रार्थना दोन्हीकडची, त्यामुळे खोलीतल्या सगळ्यांनी ती उचलली. शेवटी फिलूनेही 'आमेन' म्हटलं. दुसऱ्याच्या घरी पानात जे पडेल ते माणूस मुकाट्याने खातो, तसं ते आमेन होतं. स्वतःची प्रार्थना तिने पुन्हा सुरू केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

तिला इगर्जीच्या सिमेटरीत पुरलं. मातीच्या वेळी साळवी उभे होते, रडलेही, आणि लोक म्हणाले की माणूस बाहेरून कठीण, पण बायकोवर जीव होता. ते खरंच होतं, आणि म्हणूनच त्यांना ते ऐकवेना. एवढा जीव होता तर चार शब्दांना का महाग झालास? हा प्रश्न त्यांना अंघोळ करताना पडे, ताटावर बसल्यावर पडे. मरिया ऐकते की नाही, हे त्यांना आजही ठाऊक नव्हतं. ऐकत नाही असंच ते मानत होते. पण फिलू ऐकत होती, हे तर ठाऊक होतं ना? ती पलंगावर हातभर अंतरावर होती, जिवंत होती, आणि कान देऊन ऐकत होती.

उन्मेष पाळक समाचाराला एकटेच आले. सानिका बाजारात गेली होती. चहा झाला, आणि बोलता बोलता पाळक म्हणाले, "काका, त्या दिवशी मी मुद्दामच मान खाली घातली होती. म्हटलं, तुम्ही उत्तर दिलंत तर देऊ दे. आपली शिकवण आपल्या ठिकाणी आहे, ती काही मी बदलणार नाही. पण मरणाऱ्या माणसाचा हात धरायला कोणाची परवानगी लागत नाही. सखारामकाकांना मी बाहेरच नेणार होतो, पण तेवढ्यात तुम्ही म्हणालात की तुम्हाला येत नाही. मग काय, येतच नाही तर माणूस काय करणार?"

साळव्यांनी "हो ना," म्हटलं. दुसरं काय म्हणणार? एक तेवढा आधार उरला होता, की मंडळीपुढे इलाज नव्हता. तोही या पोराने चहा पिता पिता काढून घेतला. देवाखेरीज कोणापुढे वाकायचं नाही, असं सांगत त्यांनी सगळा जन्म काढला होता, आणि ऐन वेळी ते वाकले ते सखाराम जाधवांच्या भुवईपुढे. मूर्तीला निदान डोळे रंगवलेले असतात, ती काही खरोखर बघत नाही. हा तर बघत होता, आणि साळव्यांनी त्यालाच भिऊन बायकोला नाकारलं. त्यांना स्वतःची किळस आली.

सातव्या दिवशी फिलूची थोरली बहीण बेला वेंगुर्ल्याहून एसटीने आली, बरोबर चार बायका. तेर्स कुठे म्हणायची, इगर्जीत की भावाकडे, असं तिने दबकत विचारलं. "इथेच म्हणा," साळवी म्हणाले. "तिच्या घरात." बेलाने त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं, पण वाद घातला नाही. संध्याकाळी सगळ्या माजघरात सतरंजीवर बसल्या. साळवी सवयीने ओटीकडे निघाले, दारापर्यंत गेले, आणि परत येऊन भिंतीला टेकून बसले.

बेलाने सुरुवात केली. आवाज अगदी फिलूसारखा, थोडा जाड. पहिला अर्धा संपला आणि ती थांबली. चारी बायकांनी उत्तर दिलं, आणि त्यांच्यात एक पुरुषी आवाज होता. साळव्यांना आधी कळलंच नाही की तो आपला आहे. कुठे अडखळला नाही, कुठे शब्द मागेपुढे झाला नाही. वेंगुर्ल्याची हेल काढायची पद्धतसुद्धा फिलूची जशीच्या तशी होती. बेला पुढचं म्हणायचं विसरून त्यांच्याकडे बघत राहिली.

"भावजीनू, तुमका येता?"

"येतं."

"कधीपासून?"

"लग्न झाल्याच्या वर्षापासून."

"मगे तिका कधी..." बेला बोलता बोलता थांबली. भरल्या घरात विचारायची ती गोष्ट नव्हती. तिने पदराने नाक पुसलं आणि पुढचा मणी धरला. साळवी पुढेही उत्तर देत राहिले, शेवटपर्यंत. बैल गेला नि झोपा केला, म्हणतात ते हेच. त्यांना स्वतःलाही ते कळत होतं, पण गप्प बसणं आता त्याहून कठीण झालं होतं.

सानिका पूर्ण वेळ दाराच्या चौकटीत उभी होती. प्रार्थना संपल्यावर ती सगळ्यांना चहा द्यायला आत गेली. साळवीही तिच्या मागोमाग गेले. ती पाठमोरी होती, कप मांडत होती.

"तुम्हाला येत होतं," ती म्हणाली.

साळव्यांनी साखरेचा डबा तिच्यापुढे सरकवला.

"मी लहान होते तेव्हा माझं तोंड तुम्ही बंद केलंत, बाबा. ते मी समजू शकते. तुमची श्रद्धा होती. पण त्या दिवशी तुमचं तोंड कोणी बंद केलं होतं?"

सखारामांचं नाव जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"कोणी नाही गो."

सानिका वळली. तिचे डोळे कोरडे होते, त्यामुळे तिच्याकडे बघणं जास्तच अवघड होतं. "आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, ग्लानीत आहे म्हणून तुमच्याकडे बघतेय. म्हणजे तुम्हाला येतं, हे तिला माहीत होतं. ती तुमचीच वाट बघत होती. आणि ते तुम्हाला कळत होतं?"

बाहेर बेला कोणाला तरी फिलूच्या लहानपणाचं काही सांगत होती, बायका हसत होत्या.

"हो," साळवी म्हणाले. "कळत होतं."

सानिकाने चहाचा ट्रे उचलला आणि ती त्यांच्या बाजूने बाहेर गेली.